मी काढलेला रस्ता

नकाशा कधी चुकत नाही, बघणारा चुकतो, हे वाक्य रस्ते खात्याच्या नकाशा शाखेत बसून मी सव्वीस वर्षं खिडकीपलीकडच्या लोकांना ऐकवलं. गेल्या महिन्यापासून ऐकवत नाही. शाखेतल्या मंडळींना वाटतं, साहेबांचा घसा बसलाय. वाटू दे. खरं कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल, आणि ते एकदा कुठेतरी सांगून टाकावं म्हणून हा खटाटोप.

सुरुवात बायकोच्या गुडघ्यापासून झाली. उजवा गुडघा वर्षभर कुरकुरत होता. डॉक्टरांनी फोटो काढले, ते उजेडावर धरून 'हं' असं तीनदा म्हटलं आणि शस्त्रक्रियेची तारीख दिली, बरोबर तीन आठवड्यांनंतरची. तोपर्यंत जिने टाळा, चालणं बेताचं ठेवा, सायकल मात्र चालवा, सायकलवर गुडघ्याला भार येत नाही, असं म्हणाले.

"आणि नंतर चालवता येईल?" बायकोने विचारलं.

"नंतरचं नंतर बघू," डॉक्टर म्हणाले.

आमच्या खात्यात यालाच 'प्रकरण विचाराधीन आहे' म्हणतात. त्याचा अर्थ काय होतो ते मला चांगलं माहीत आहे. बायकोलाही माझ्याबरोबर राहून माहीत झालाय.

त्या दिवशी जेवताना तिने समोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे एक नकाशा आहे, चौकटीत, काचेमागे. लग्न ठरलं त्या वर्षी मी तो ऑफिससाठी काढला होता, आणि ट्रेसिंग कागदावर त्याची हुबेहूब प्रत उतरवून तिला भेट दिली होती. इतर लोक अशा वेळी फुलं देतात. मी किनारपट्टीचा नकाशा दिला, एका सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर या प्रमाणात. त्यात आमच्या घरामागून निघून समुद्राच्या कडेकडेने दीपगृहापर्यंत जाणारा बारा किलोमीटरचा रस्ता आहे. काळ्या शाईतली चोवीस सेंटिमीटरची रेषा, कुठे थरथर नाही, कुठे जाड-बारीक नाही. माझ्या हातून इतकी देखणी रेषा पुन्हा उतरली नाही, हे मी स्वतःचं कौतुक म्हणून नव्हे, एक तांत्रिक बाब म्हणून सांगतोय. भेट देताना मी म्हणालो होतो, "एक दिवस आपण दोघं या रस्त्याने सायकलवरून दीपगृहापर्यंत जाऊ."

मग लेकीचा जन्म आला, लेकीची शाळा आली, माझी बढतीची परीक्षा आली, ती दुसऱ्यांदा आली, लेकीचं लग्न आलं. चोवीस वर्षं गेली.

"गुडघ्याला हात लावायच्या आधी मला या रस्त्याने जायचंय," बायको म्हणाली. "पुढे सायकलवर बसता येईल की नाही, देव जाणे. चोवीस वर्षं जेवताना समोर बघतेय मी हा रस्ता."

आवाज चढवला नव्हता. आमच्या घरात तिचा आवाज चढला की मी निर्धास्त असतो. चढला नाही की पान वाढलेलं असूनही घास घशाखाली उतरत नाही. मी लगेच 'हो' म्हणालो.

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून दोन सायकली पंधरा दिवसांसाठी घेतल्या. सायकल शिकलेला माणूस कधी विसरत नाही असं सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. चालवायचं मी विसरलो नव्हतो, थांबायचं विसरलो होतो. इमारतीच्या आवारात पहिली फेरी मारताना तळमजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांच्या तीन कुंड्या मी एकामागून एक उडवल्या. बायको तोवर दोन फेऱ्या मारून, घंटी वाजवून, पाय टेकवून माझी वाट बघत उभी होती. सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. एरवी पाण्याचा टँकर आला तरी एवढी माणसं बाहेर येत नाहीत.

हेडमास्तरांनी कुंड्यांचं मनाला लावून घेतलं नाही. त्याबदल्यात त्यांनी मला सल्ला दिला, आणि कुंड्या भरून देणं त्यापेक्षा सोपं गेलं असतं. चाकात हवा किती असावी यावर ते पाऊण तास बोलले. उन्हात हवा प्रसरण पावते, समुद्रावर वारा असतो, तुमचं वजन अमुक, वहिनींचं तमुक. वहिनींचं वजन त्यांनी अंदाजे सांगितलं आणि तिथे बायको उभी होती, म्हणून ते व्याख्यान पाऊण तासात आटपलं.

"पण रस्ता पक्का आहे ना?" त्यांनी शेवटी विचारलं.

या प्रश्नाची मी आयुष्यभर वाट बघत होतो. "मास्तर," मी म्हणालो, "नकाशात दोन प्रकारच्या रेषा असतात. अखंड रेषा म्हणजे झालेला रस्ता. तुटक रेषा म्हणजे मंजूर झालेला, पण अजून व्हायचा असलेला. या दोन रेषांत गल्लत करणारा माणूस आमच्या शाखेत एक दिवस टिकत नाही. आणि आमचा रस्ता अखंड आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत."

हेडमास्तर प्रभावित झाले. बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर मी लेकीच्या जन्मानंतर बघितली नव्हती. मला फार बरं वाटलं, हे लपवत नाही.

दुसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात, त्यांना आम्ही सगळे हवामान म्हणतो. ते रोज सकाळी आभाळाकडे बघून अंदाज सांगतात आणि आम्ही त्याच्या उलट वागतो. आजवर कधी फसलो नाही. त्यांनी त्या रविवारी धो धो पाऊस सांगितला आणि दोन रेनकोट आणून दिले. त्यावरून रविवार स्वच्छ जाणार हे नक्की झालं.

मधे एकच अडचण होती. दीपगृहाच्या आवारात जायला बंदर खात्याचा परवाना लागतो. बंदर खातं आमच्या ऑफिसच्याच रस्त्यावर, पण पलीकडच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर आहे. मी अर्धी रजा टाकून गेलो. खिडकीमागे एक बाई होत्या. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "साहेब जागेवर नाहीत. उद्या या."

हे दोन शब्द मी स्वतः किती वेळा म्हटले असतील याचा हिशेब नाही. पण ते कानावर कसे पडतात हे मला माहीत नव्हतं. खिडकीच्या या बाजूला माणूस एकदम लहान होतो. मी उद्या गेलो. मग परवा गेलो. तिसऱ्या दिवशी बाईंनी अर्ज हातात घेतला आणि एका रकान्यावर पेन टेकवलं.

"वाहन क्रमांक?"

"सायकल आहे, बाई. सायकलला क्रमांक नसतो."

"रकाना कोरा ठेवता येत नाही."

हे मला पटलं. रकाना कोरा ठेवता येत नाही, हे मीही मानतो. अखेर असं ठरलं की सायकलच्या सांगाड्यावर कारखान्याने ठोकलेला आकडा असतो तो लिहायचा. मात्र तो बाईंना प्रत्यक्ष पाहून पडताळावा लागणार होता, आणि बाईंना खिडकी सोडून खाली येता येत नव्हतं. लिफ्ट बंद होती. मी खांद्यावर आधी एक सायकल तिसऱ्या मजल्यावर नेली, मग दुसरी. खिडकीसमोर त्या उलट्या केल्या. बाईंनी चष्मा लावून आकडे वाचले, मीही वाचले, रांगेतल्या एका गृहस्थांनीही खातरजमा केली.

"मार्ग?"

"किनारा रस्ता."

बाईंनी टेबलाच्या काचेखालचा नकाशा बघितला. आमच्याच खात्याचा होता. "रस्ता चालू आहे ना?"

मी घामाने निथळत होतो, खांदा भरून आला होता, पण त्या क्षणी मी ताठ झालो. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात आरेखकाची बारीक सही असते, तिच्यावर बोट ठेवलं. "बाई, ही रेषा या हाताने काढलीय."

बाईंनी प्रथमच माझ्याकडे मान वर करून बघितलं. मग शिक्का उचलला आणि अर्जावर मारला, 'मार्ग तपासला'.

रविवारी सकाळी साडेसहाला निघालो. पाव, उकडलेली अंडी, संत्री, पाण्याच्या बाटल्या आणि हवामान यांचे दोन रेनकोट असा सरंजाम होता. बायकोने भिंतीवरचा नकाशा काचेतून काढून, गुंडाळी करून पिशवीत घेतला होता. "कशाला? फोनवर आहे सगळं," मी म्हणालो. "फोनवर तुमची सही नाही," ती म्हणाली.

पहिले सात किलोमीटर कसे गेले ते सांगताना मला आजही बरं वाटतं. डावीकडे समुद्र, उजवीकडे सुरूची झाडं, मधे गुळगुळीत डांबरी रस्ता. वारा पाठीमागून. बायको पुढे, मी मागे. ती उगाच घंटी वाजवत होती, रस्त्यावर चिटपाखरू नसताना. मधेच एका वळणावर हात सोडून सायकल चालवली तिने, आणि मी ओरडलो तेव्हा हसली. मला वाटलं, हे वीस वर्षांपूर्वी करायला काय हरकत होती? बढतीची परीक्षा दोनदा दिली, त्याऐवजी एकदा दिली असती तरी चाललं असतं.

सातव्या किलोमीटरला डांबर संपलं. खराब झालं, उखडलं, असं काही नाही. संपलं. पुढे काळ्या खडकांची रास होती आणि रासेपलीकडे समुद्र. रस्ता जिथे संपत होता तिथे एक झोपडी होती आणि दारात एक म्हातारा जाळं दुरुस्त करत बसला होता. आम्ही सायकलवरून उतरलो.

"नकाशावाले का?" त्याने जाळ्यातून मान वर न काढता विचारलं.

"म्हणजे?" मी म्हणालो.

"वर्षाला पंधरा-वीस येतात. हातात कागद, नाहीतर फोन. इथे येऊन उभे राहतात आणि मला विचारतात, रस्ता कुठे आहे? आता मी रस्ता कुठून आणू? मी पाणी देतो. पाणी पिऊन परत जातात." त्याने दोरा दाताने तोडला. "तो नकाशा काढणारा माणूस एकदा बघायचाय मला. मरायच्या आधी बघायचाय."

मी समुद्राकडे बघू लागलो. समुद्र खरोखरच प्रेक्षणीय होता. पण बायकोच्या मनात रस्त्याबद्दल अजून शंकेला जागाच नव्हती. तिला वाटलं, दरड कोसळली असेल, म्हाताऱ्याची काही गैरसमजूत असेल. तिच्या कानांनी एवढंच टिपलं की कोणीतरी तिच्या नवऱ्याला भेटायला उत्सुक आहे. तिने पिशवीतून गुंडाळी काढली, उलगडली आणि अभिमानाने सांगितलं, "यांनीच काढलाय!"

म्हाताऱ्याने सुई खाली ठेवली. मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, मग डोक्यापासून पायापर्यंत. मग झोपडीकडे तोंड करून हाक मारली, "अगं ए, बाहेर ये. आला बघ तो."

त्याची बायको हात पुसत बाहेर आली. दोघांनी मिळून बघितलं. धरणीने पोटात घ्यावं असं वाटत होतं, पण तिथे धरणीही फारशी नव्हती, खडकच होते.

"हातानं काढलात?" म्हातारीने विचारलं.

"हो."

"सुरेख आहे हो," ती नकाशा बघून म्हणाली. ती मनापासून म्हणाली, हेच जास्त लागलं. तिने पाणी आणलं. म्हाताऱ्याने एका उपड्या होडीवर आम्हाला बसवलं. मी पाणी प्यायलो, आणि दुसऱ्या घोटाला मला सगळं आठवलं.

त्या वर्षी सात किलोमीटर रस्ता झाला होता. पुढचे पाच मंजूर होते, व्हायचे होते. म्हणजे नकाशात दहा सेंटिमीटर तुटक रेषा हवी होती. तीन मिलिमीटरचा तुकडा, दोन मिलिमीटर जागा, असे वीस तुकडे. दर तुकड्याला पेन उचलायचं, पट्टी सरकवायची, शाई वाळायची वाट बघायची. तासाभराचं काम. आणि तो शुक्रवार होता, सव्वापाच वाजले होते, आणि साडेपाचला ऑफिसच्या फाटकापाशी एक मुलगी उभी राहणार होती. सहाच्या सिनेमाची तिकिटं माझ्या खिशात होती. मी खिडकीतून खाली बघितलं. ती आधीच येऊन उभी होती. मी स्वतःशी म्हणालो, रस्ता मंजूर आहे म्हणजे होणारच आहे, सोमवारी खरवडून नीट करू. आणि पेन उचललंच नाही. एका दमात रेषा ओढली. सोमवारी मी शरीराने टेबलावरच होतो, पण बाकीचा कुठे होतो ते सांगता यायचं नाही. नकाशावर सह्या झाल्या. त्यावरून पुढचे नकाशे निघाले, त्यावरून फोनवरचे. तो रस्ता कधी झालाच नाही आणि खात्यातलं कोणी बघायला आलं नाही, कारण नकाशावर रस्ता व्यवस्थित होता. व्यवस्थित रस्ता बघायला कोण जातं?

मी बायकोला सगळं सांगितलं. तिने नकाशातल्या शेवटच्या दहा सेंटिमीटरवरून बोट फिरवलं. मी हेडमास्तरांना दिलेलं व्याख्यान मला शब्द न् शब्द आठवत होतं. एक दिवस टिकत नाही म्हणालो होतो. चोवीस वर्षं टिकलो होतो.

"तुमच्या बोटाला शाई होती त्या दिवशी," ती म्हणाली. "माझ्या पांढऱ्या रुमालाला पुसलीत. डाग गेला नाही त्याचा."

"घाई झाली," मी म्हणालो. "फार घाई झाली."

"घाई कसली?"

"तू खाली उभी होतीस."

तिने नकाशाची गुंडाळी केली, पिशवीत ठेवली, आणि म्हाताऱ्याला विचारलं, "दीपगृहापर्यंत जाताच येत नाही का?"

"जाता येतं की. ओहोटी आहे. एक वाजेपर्यंत पाणी लांब राहील. थोडी पायवाट आहे, मग खडक, मग परत वाट, मग वाळू, असं करत पाच किलोमीटर. पण सायकली इथे ठेवून जा."

"सायकलवरून जाऊ म्हणाले होते हे," बायको म्हणाली.

मी खूप समजावलं. गुडघा, डॉक्टर, खडक, शेवाळ, दोन आठवड्यांवर आलेली तारीख, सगळं पुढे केलं. आपण परत जाऊ, मी सोमवारी चौकशी करतो, असंही म्हणालो. ती एवढंच म्हणाली, "अहो, आज परत गेले तर मी पुन्हा यायची नाही. तुम्हालाही माहीत आहे ते." मला माहीत होतं. मी तिची सायकल खांद्यावर घेतली.

बंदर खात्याच्या बाईंना मी तेव्हा मनोमन नमस्कार केला. तिसऱ्या मजल्याचा सराव नसता तर पहिल्याच खडकावर आडवा झालो असतो. पद्धत अशी बसली: पहिल्या फेरीत तिची सायकल पलीकडे, दुसऱ्या फेरीत माझी, तिसऱ्या फेरीत बायको. तिचा हात धरून, एकेक पाऊल सांगत, "इथे टेक, इथे नको, इथे निसरडं आहे." खडक संपला की पायवाट लागायची. तिथे आम्ही सायकलवर बसायचो, दोनशे-तीनशे मीटर जायचो, ती घंटी वाजवायची, आणि पुढे पुन्हा खडक. रेनकोटांचा पहिल्यांदाच उपयोग झाला. शेवाळावर अंथरले की पाय घसरत नव्हता. हवामान यांच्या अंदाजाचा कोणाला फायदा झाल्याची ही एकमेव नोंद आहे.

पाचव्या खडकावर तिचा गुडघा अडला. पाय पुढेही जाईना आणि मागेही. ती मटकन खाली बसली, चेहरा पांढरा पडला. मी घाबरलो, सरळ सांगतो. पाणी पुढे सरकल्यासारखं वाटत होतं, जवळपास माणूस नव्हतं, आणि एका चोवीस वर्षांपूर्वीच्या आळसापायी मी तिला इथे आणून बसवलं होतं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. "चुकलो गं," मी म्हणालो. "सगळंच चुकलो."

"संत्रं सोला," ती म्हणाली.

मी संत्रं सोललं. आम्ही एकेक फोड खाल्ली. तिने माझा इतक्या वर्षांच्या शाईने काळा पडलेला अंगठा हातात घेऊन बघितला, मग गुडघा दोन्ही हातांनी चोळला, आणि दहा मिनिटांनी उठली.

साडेबारा वाजता आम्ही दीपगृहाच्या फाटकातून आत शिरलो, सायकलवर बसून. शेवटचे पन्नास मीटर वाट चांगली होती, आणि बायकोने तिथे पायी येणं साफ नाकारलं. दीपगृहाचा रखवालदार बाकावर पेपर वाचत होता. त्याने परवाना हातात घेतला, 'मार्ग' या रकान्यावर नजर टाकली आणि उभाच राहिला.

"या रस्त्याने आलात? खरंच?"

तो आत जाऊन एक पुठ्ठ्याची फाईल घेऊन आला. किनारा रस्त्याचे परवाने होते, 'मार्ग तपासला' असे शिक्के मारलेले, दरवर्षीचे. "कागद यायचे, माणसं यायची नाहीत. मी नवीन होतो तेव्हा कागद आला की चहाचं आधण जास्तीचं ठेवायचो. आता सोडून दिलं." त्याने चहा ठेवला.

"म्हणजे इथे कोणीच येत नाही?" बायकोने विचारलं.

"कोणी येत नाही कसं? बसने येतात की. मागच्या बाजूने डांबरी रस्ता आहे. तासाला एक बस. तुमच्या तिकडूनच सुटते."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मग नकाशा उलगडला. दीपगृहाच्या मागे, जिथून तो बसचा रस्ता जायला हवा होता, तिथे एक सुबक चौकोन होता. आत बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'अखंड रेषा: झालेला रस्ता. तुटक रेषा: प्रस्तावित रस्ता.' सूचीसाठी कुठेतरी जागा हवी होती. त्या दिवशी मला घाई होती, हे मी पुन्हा सांगितलं नाही.

बायको हसायला लागली. चहा सांडला तरी थांबेना. रखवालदारही हसला, कारण न कळता. नाइलाजाने मीही हसलो.

वर जायला एकशे बारा पायऱ्या होत्या. त्या तिला शक्य नव्हत्या. "तुम्ही जा," ती म्हणाली. "बघून या आणि मला सांगा." मी एकटा चढलो. वरून सगळा किनारा दिसत होता, आणि आम्ही आलो ती वाटही दिसत होती. पायवाटेचा तुकडा, मग खडक, मग तुकडा, मग वाळू. खाली ती बाकावर बसली होती, पाय लांब करून, वर बघत. तिने हात हलवला. ती तिथे पोचली होती. मीही हात हलवला.

"कसा दिसतो?" खाली आल्यावर तिने विचारलं.

"तुटक," मी म्हणालो. "नऊ तुकडे आहेत."

परत बसने आलो, सायकली टपावर टाकून, पंचेचाळीस मिनिटांत. हेडमास्तर फाटकातच होते. त्यांनी रस्त्याबद्दल विचारलं. "नकाशात दाखवायला हवा होता अगदी तसा," बायको म्हणाली आणि जिन्याच्या कठड्याला धरून सावकाश वर गेली.

सोमवारी मी आमच्या वरिष्ठांसमोर उभा राहिलो आणि सव्वीस वर्षांत प्रथमच म्हणालो की नकाशा चुकलाय. वरिष्ठ माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहेत. त्यांनी शांतपणे समजावलं की रस्ता नकाशातून काढायला पाच सह्या लागतात आणि प्रत्यक्ष बांधायला तीनच. तेव्हा तो आहे असं धरून चालणं सोयीचं. मी म्हणालो, तिथे एक म्हातारा पाणी देऊन दमलाय. त्यांनी दुरुस्तीचा अर्ज दिला. त्यात 'चुकीचे कारण' असा रकाना होता. रकाना कोरा ठेवता येत नाही. मी लिहिलं, 'आरेखक घाईत होता.' पाचही सह्या मी स्वतः फिरून घेतल्या. चार जणांनी मला उद्या यायला सांगितलं. मी उद्या गेलो.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी बायको दवाखान्याची पिशवी भरत होती. नकाशा पुन्हा काचेमागे गेला नव्हता, टेबलावरच पडून होता. ऑफिसचा दुरुस्त झाला होता, म्हणून मी ब्लेड घेऊन हाही करायला बसलो. ब्लेड रेषेवर टेकवलं आणि तिने माझं मनगट धरलं.

"याला हात लावायचा नाही."

"अगं, चूक आहे त्यात."

"ऑफिसातला तुमचा होता, तो तुम्ही नीट केलात. हा माझा आहे. माझ्यासाठी केलेली चूक आहे ही. अशीच राहू दे."

मी ब्लेड खाली ठेवलं. ती पुन्हा कपड्यांच्या घड्या घालू लागली. दोन घड्या झाल्यावर म्हणाली, "तो चौकोन तेवढा खरवडा."

"सूचीचा?"

"हो. त्याच्याखाली बसचा रस्ता आहे. गुडघा बरा झाला की बसने जायचंय, आणि त्या एकशे बारा पायऱ्या चढायच्यात मला."

मी दिवा जवळ ओढला, ब्लेड उचललं आणि चौकोनाच्या एका कोपऱ्यापासून सुरुवात केली. पिशवीची चेन लागल्याचा आवाज आला आणि ती येऊन माझ्या शेजारी बसली. त्या संध्याकाळी मला कसलीही घाई नव्हती.